तुझ्या फोटोपुढची वाटी

ब्रिस्टल, ऑक्टोबर १९९६

चि. अतुल,

आशीर्वाद राहू देत, आधी ऐक. आज तुझा वाढदिवस, म्हणून मी बासुंदी केली. तुझ्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, हनोईहून शिकायला आलेल्या लानने त्यातली वाटीभर तुझ्या फोटोपुढे ठेवून उदबत्ती लावली. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या तिथीला असंच करतात म्हणे. वर्षभरात तू एकदाही इकडे फिरकला नाहीस, मग तिने दुसरं काय समजावं?

"अगं, जिवंत आहे तो! रीडिंगला असतो!" मी ओरडलेच.

ती कावरीबावरी झाली. मग हळूच म्हणाली, "आंटी, रीडिंग तर ट्रेनने तासाभरावर आहे ना?"

काय सांगू तिला, बिझी असतोस म्हणून?

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं, तर तू नुसता फोन करशील.

तुझी आई