अमिरांच्या जागी

ओमदुर्मान, ३ मार्च १९५८
आले एकदाची. खोली हवेशीर, माठातलं पाणी गार. घरमालकीण बतूलनं आल्याआल्या सुंठ घातलेली कॉफी पाजली. भाडं नको, आजेसासऱ्यांचं चरित्र लिहून द्या, एवढंच म्हणाली. शाळा सुटली सित्त, आता छडी खाली ठेवा, असा या निवृत्त मास्तरणीला टोमणाही मारला. मी चक्क हसले.

५ मार्च
बतूलचे आजेसासरे, अमीर जादल्लाह. धर्मनेते महदींच्या धर्मयुद्धाची हाक ऐकून भाला उचलला आणि बघता बघता अमीर, म्हणजे सेनापती झाला. देवाच्या नावानं गावंच्या गावं ओस पाडली. दुष्काळात माणसं चामडं उकळून खात होती, याच्या घोड्यांना ज्वारी. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हांला पाठ करायला लावलेल्या पापांपैकी गृहस्थानं एकही सोडलेलं नाही. शेवट मात्र थोर म्हणे. कररीच्या लढाईत इंग्रजांपुढे हार झाली तेव्हा अमिरांच्या रीतीप्रमाणे मेंढीचं कातडं अंथरून बसला, उठला नाही, त्यांच्या गोळ्या झेलल्या. ते कातडं दिवाणखान्यात आहे.

९ मार्च
जेवताना बतूल बोलून गेली. आजोबा पुढे कित्येक वर्षं जगले, खाटेवर मेले. कातड्यावर बसवला होता त्यांचा गुलाम मुरजान, अमिरांचा ठिगळांचा जुब्बा चढवून. तो राजी होता का, मी विचारलं. गुलामाला कोण विचारतं सित्त, म्हणाली आणि भाकरी मोडली.
मी हे लिहिणार. मग दुसरी खोली बघा, म्हणाली. माझ्या पेन्शनीत खोली मिळत नाही. तरी लिहिणार.

१२ मार्च
कातडं माझ्या दाराशी. लोकरीत गुडघ्यांचे खळगे, हात लावला तर ऊब. बतूल शपथ घेते, तिनं हलवलं नाही. माझ्याआधी या खोलीत एक मास्तर चरित्र लिहायला होते म्हणे. ते कुठे गेले, विचारलं. ती कॉफीचे पेले उचलून निघून गेली.

१३ मार्च, सकाळ
आज टेबलाशी, खोलीच्या आत. घोड्याच्या घामाचा वास. संतापच आला. बतूलला बोलावलं, तिच्यादेखत त्यावर बसले आणि बजावलं — मुरजानचं नाव लिहिल्याशिवाय मी इथून उठणार नाही.
तिचा चेहरा राखेसारखा झाला. त्यावर बसून असं म्हणायचं नसतं, सित्त. एवढंच पुटपुटली. बाहेरून कडी लावली.

दुपार
मुरजान. मुरजान. लिहिलं. तरी पाय उचलत नाहीत —
बाहेर बतूल कुणाशी तरी आदबीनं बोलते आहे. या आजोबा, म्हणते, तुमच्या जागी बसली आहे —

इंग्रजांच्या घोड्यांच्या टापा. जवळ.
खांद्यावर जुब्बा चढवतंय कुणी. हात म्हाताऱ्याचे, घाईत — पळायची घाई — मी नव्हे, मी अमीर न