न पटणारा आकडा

सोमवार, ४
ताईच्या घरी पोचले. रस्त्याकडची खोली तिने मला दिली, टेबलासकट. बॅग उचलताना भावोजींनी विचारलं, यात कपडे आहेत की अख्खी लॅब? उद्यापासून इस्पितळाच्या रक्त-तपासणी विभागात नोकरी. काम बाबांच्या लॅबमध्येच शिकले : नमुना दोनदा तपासायचा, न पटणारा आकडा बाहेर सोडायचा नाही. ताई अजून मला शंकासुरच म्हणते.

शनिवार, ९
ताईच्या पायात रक्ताची गुठळी झाली. आमच्याच इस्पितळात आहे. रक्त पातळ करणारं नेहमीचं इंजेक्शन तिला सोसत नाही, म्हणून दुसऱ्या औषधाची सलाइन आणि सोबत गोळी. गोळी लागू पडायला काही दिवस जातात. पडली की सलाइन बंद. ते आमच्या आकड्यावरून ठरतं : रक्त जितकं उशिरा गोठेल तितका तो मोठा. निरोगी माणसाचा एक, ताईला दोनच्या वर हवा. ती नर्सला म्हणाली, रक्त बेताने काढा, आमची बाई दोनदा मोजते.

बुधवार, १३, सकाळ
आकडा चारच्या वर. पुन्हा लावला, तोच. मीच वॉर्डात कळवला. सलाइन काढली. भावोजी भिंतीला टेकून उभे राहिले, मग हसले.

दुपार
दीड. चारवरून दीड, इतक्यात? नमुना बिघडला असणार. आकडा सोडला नाही. दुसरा नमुना मागवला.

संध्याकाळ
ताईची शीर सापडेना म्हणून नमुना उशिरा आला. दीडच. आमच्या विभागप्रमुख मॅडमना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, सकाळी रक्त काढलं तेव्हा सलाइन चालू होती का.
होती. ती सलाइनही हाच आकडा चढवते. सकाळचे चार गोळीचे नव्हतेच. गोळीचा दीड. म्हणजे सकाळपासून ताईच्या गुठळीला आवर घालणारं काही —
शंका घ्यायची होती चारवर. मी घेतली दीडवर.

मॅडम वॉर्डात धावल्या. मला इथेच थांबायला सांगितलंय. फोन कानाशी आहे, भावोजी बोलतात. नुसतं थांबवत नाही म्हणून लिहिते आहे. ताईला धाप लागली. छातीत दुखतं म्हणते. गुठळी पायातून फुप्फुसात गेली असणार. सलाइन लावताहेत —
ती विचारते आहे, शंकासुराची शंका फिटली का.
मी हो म्हणाले.
कुणीतरी पडदा ओढल्याचा आवाज. भावोजी, फोन ठेवू नका, ती