कोपऱ्यातल्या चौकटीतली बाई

४ मार्च

आज पुन्हा तेच केलं.

पूल पडून बावीस माणसं गेली, त्यावर साहेब भर सभेत हसले! "विरोधकांचीच वस्ती ती. त्यांची बावीस मतं गेली, आपलं काय गेलं?" वर टाळ्या. देशाचा सगळ्यात मोठा माणूस हा!

टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मी — काळा सदरा, बोटं मोकळी, बहिऱ्यांना त्यांचं भाषण खुणांनी सांगणारी. माझ्या हातांनी सांगितलं, "गेलेल्यांचं फार दुःख आहे." चेहराही पाडला. खुणांच्या भाषेत निम्मं बोलणं चेहऱ्याचंच.

निर्माता म्हणाला, "छान सांभाळलंत, बाई." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ मार्च

सहा वर्षं चाललंय हे. आधी एखादी शिवी गाळली. मग वाक्यं. आता अख्खा माणूसच धुऊन, इस्त्री करून देते.

९ मार्च

ताईकडे गेले. ती जन्मापासून बहिरी. खुणा मी तिच्याकडूनच शिकले, बोलायच्याही आधी. मशीनवर शिवता शिवता थांबली आणि हातांनी म्हणाली, "तुझे साहेब किती हळवे गं! बाकीचे पुढारी नुसते भांडतात." तिच्या महिला मंडळातल्या साठ बहिऱ्या बायकांना ती हेच सांगते. मतदान पंधरा दिवसांवर.

तिचे साहेब मी घडवलेत! लाज वाटते. सांगायची छाती होत नाही.

१२ मार्च

सांगायलाच गेले होते. तिनं माझ्या सदऱ्याची उसवलेली बाही शिवून दिली. तशीच परत आले.

१८ मार्च

आज ठरवूनच उभी राहिले. विरोधी पक्षातल्या बाईंबद्दल साहेब म्हणाले, "नवरा टिकवता आला नाही, देश काय टिकवणार?" शब्दन् शब्द सांगितला. ते छद्मी हसूसुद्धा चेहऱ्यावर आणलं.

"उद्यापासून येऊ नका," निर्माता म्हणाला. नाही येत जा! कितीतरी दिवसांनी ताठ मानेनं घरी आले.

१९ मार्च

ताईनं दारातच अडवलं. "त्या देवमाणसाच्या तोंडी असली घाण घातलीस? कुणाच्या नादी लागलीस? सहा वर्षं ते नीट बोलत होते. खोटं तू कालच बोललीस!"

मी हात उचलले. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.