फिट यावी म्हणून देव पाण्यात

सोम. १२ जाने.
आमच्या गावच्या लालबागेतलं हॉस्पिटल, खोली ३. डोक्याला तेवीस तारा. शबाना टेक्निशियनने एकेक तार डिंकासारख्या चिकट औषधाने लावली, वरून पट्टी गुंडाळली. आरशात पाहिलं. शेतात केळीच्या घडाला पिशवी घालतात, तशी दिसते.
समोर कॅमेरा. आता सहा दिवस हा आणि मी. गोळ्या आजपासून कमी, बुधवारपासून बंद. मेंदूची लाइन, म्हणजे पडद्यावरचा आलेख, इंदूरचे डॉक्टर तिकडूनच बघणार. फिट आली, आणि एकाच जागेतून निघते असं दिसलं, तर ऑपरेशन होऊ शकतं. नाही आली तर घरी. पुन्हा त्याच गोळ्या.
बाराव्या वर्षापासून येतात, आता एकतीस. मला ऑपरेशन पाहिजे. वर्गातल्या पोरांना तापीच्या घाटावर न्यायचंय, माझ्यावर लक्ष ठेवायला दुसऱ्या बाई सोबत न घेता. बस, एवढंच.
नाही, एवढंच नाही. न्हाणीला आतून कडी लावायचीय.

मंगळ. १३
नाही आली.
आई म्हणे, "इच्छादेवीला काय तोंड दाखवू? एकोणीस वर्षं म्हणून राहिली, पोरीला फिट नको येऊ दे. आता म्हणू, येऊ दे? ती म्हणेल, ही बाई येडी झाली."
मी म्हटलं, देवीला सांग, आठवडाभर सुट्टी घे.
संध्याकाळी आईचा मावशीला फोन. "देव पाण्यात ठेव गं." कशासाठी? "सुमीला फिट यावी म्हणून." मावशीने दोनदा विचारून घेतलं, यावी की येऊ नये. मग म्हणाली, "बरं. गार पाण्यात ना?"

बुध. १४
नाही. जोरजोरात श्वास घ्यायला लावला, डोळ्यांसमोर दिवा चमकवला. काही नाही. मेली परीक्षेत येते, ताईच्या हळदीत येते, झेंडावंदनाला तर राष्ट्रगीत सुरू असताना आली. आज आमंत्रण देऊन बोलावली, तर भाव खाते!
आई दुपारी घरी जाऊन दराबा, आमच्याकडचा रवा-तुपाचा गोड, करून आली. दोन वाट्या खाल्ला. जरासा कडवट. तूप जुनं असेल.

गुरु. १५
दराबा पुन्हा, सकाळीच. शबाना आली. "दीदी, लाइन तो एकदम शांत है. दवा पूरी बंद है ना?"
मी हो म्हटलं. ती गेल्यावर आईकडे पाहिलं. आई खिडकीतून बाहेर बघत.
"आई."
"अर्धीच गोळी घातली गं. काल अर्धी, आज अर्धी. दराब्यात, कुटून."
जे तोंडाला आलं ते बोलले. माझं वाटोळं करतेस, इथपर्यंत. तारांना हिसके बसले, लाइन उड्या मारायला लागली, शबाना फिट समजून धावत आली. फिट कसली, राग होता तो! ती हसली, मग मी. आई रडत होती, ती रडता रडता हसली. म्हणाली, "हातानं फिट कशी आणू गं तुला? आई आहे ना मी."
डॉक्टर फोनवर चिडले. शनिवारपर्यंतच वेळ. रविवारी मशीन आयसीयूत, बेशुद्ध पेशंटांसाठी.

शुक्र. १६
नाही. आईला खायचं काही आणायला बंदी. कॅन्टीनची खिचडी. उद्या शेवटचा दिवस.

शनि. १७
आली!! सकाळी अकराला. मला अर्थातच काही आठवत नाही. अंग ठेचून निघालंय, जीभ चावली. शुद्धीवर आले तर शबाना टाळ्या वाजवून राहिली होती. आई मजलाभर पेढे वाटत. समोरच्या खोलीतल्या बाईंनी विचारलं, "नातू झाला?"
"नाही हो, पोरीला फिट आली!"
बाईंच्या हातात पेढा तसाच.
फिटनंतर दर वेळी मी उशीत तोंड खुपसून रडते. आज चावलेल्या जिभेने तीन पेढे खाल्ले. इतका आनंद कधी झाला होता, आठवत नाही.

सोम. १९
काल हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली. केस तीनदा धुतले, डिंक निघत नाही.
डॉक्टर म्हणतात, उजवीकडून सुरू होते असं दिसतं. पण आधी एमआरआय, मग इंदूरला सगळे डॉक्टर मिळून ठरवतील. हो म्हणतील, नाहीही म्हणतील.
काल निघताना शबाना म्हणाली, वीडियो देखोगी? स्वतःची फिट मी कधी पाहिली नव्हती. हो म्हटलं.
स्वतःकडे पाहिलंच नाही. आईकडेच पाहत राहिले. तिने घंटी दाबली, मला कुशीवर वळवलं, तोंडाचा फेस पदराने पुसला. आणि सगळा वेळ बोलत होती. अगदी रोजच्या आवाजात. "सुमे, मावशीनं वांगी पाठवलीत. भरीत करू. शेजारच्यांची गाय व्याली बरं, गोऱ्हा झाला. काळा आहे. कपाळावर ठिपका..."
रिक्षात विचारलं, "दर वेळी बोलतेस असं?"
"मग? तू कुठं जाते, मला काय माहीत. तिथं एकटीला भ्याव वाटत असन."
एकोणीस वर्षं मला वाटायचं, त्या वेळी माझ्याजवळ कुणीच नसतं.
रिक्षावाल्याने विचारलं, कोणत्या गल्लीत घेऊ. मी म्हटलं, जरा लांबून घे, आणि आईला विचारलं, त्या गोऱ्ह्याचं पुढं काय झालं.