ह्यांची आमटी आणि माझे सात दिवस

गढा, जबलपूर
१७ जानेवारी २०२२ (विलगीकरणाचा सहावा दिवस)

ती. मीराताईस,

शैलजाचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच घालणार होते. पण या खोलीत पलंग, कपाट आणि माझ्या दोन बॅगा सोडून जी जागा उरते तिच्यात पाच अंगं मावतात, बाकीची तीन दाराबाहेर जातात, आणि दाराबाहेर जायची मला परवानगी नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? हा शब्द आजकाल हळूच उच्चारावा लागतो, म्हणून कागदावर विचारते आहे. नागपुरात थंडी असेलच, इथे तर सकाळी बोटं वळत नाहीत, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

हातात फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. ताई, या घराच्या भिंती पातळ आहेत आणि ह्यांचे कान रिटायर झाल्यापासून जास्तच तिखट झालेत. मला जे लिहायचं आहे ते ह्यांच्याबद्दलच आहे, आणि बरंचसं कौतुकाचं आहे. नवऱ्याचं कौतुक नवऱ्याच्या कानावर पडू देऊ नये, हे आईच शिकवून गेली. आठव्या दिवसाच्या चाचणीचा निकाल आला की हे पाकीट पेटीत टाकीन. तोवर उशीखाली.

तुला सगळं माहीत आहेच, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर येईल. प्रणोतीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी टोरांटोला गेले ती तेवीस महिन्यांनी परतले. आधी विमानं बंद, मग दुसरी लाट, मग "आई, आता कशाला जोखीम घेतेस", आणि मधल्यामध्ये गौरांग रांगायचा सोडून धावायला लागला. आता प्रणोतीचं ऑफिस पूर्णवेळ सुरू होणार. तिने माझं येतानाचं तिकीट काढलं तेव्हाच बावीस मार्चचं परतीचंही काढून ठेवलं. "बाबांना विचार, आणि आठवड्यात कळव." आठवडा म्हणजे नेमका हाच, कोंडून घातलेला. हे एकटे राहू शकतात का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला खडूच्या एका रेघेमागे बसून शोधायचं आहे.

निघायच्या आधी बहात्तर तासांच्या आत चाचणी, तिचा अहवाल, लसीचं प्रमाणपत्र, आणि एक लांबलचक फॉर्म. गेल्या चौदा दिवसांत कुठेकुठे प्रवास केला? मी कुठे जाणार, गौरांगच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि परत. फॉर्म प्रणोतीने भरला, पण तपासला ह्यांनी, फोनवरून, एकेक रकाना. (फॅक्टरीच्या तपासणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला फॉर्म दाखवणं म्हणजे मांजरीला दूध दाखवणं.) दिल्लीला उतरले तर कळलं की शंभरातल्या दोघांची तिथेच चाचणी होते, आणि त्या दोघांत मी! हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉमध्ये आजवर मला साधी चहाची गाळणी लागली नाही, आणि इथे भरल्या विमानातून माझं नाव निघालं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात गुंडाळलेल्या एक बाई "माताजी, ऊपर देखिए" म्हणाल्या आणि नाकात काडी इतकी आत घातली की मला एकोणतीसचा पाढा आठवला. पण हात हलका होता हो. दिवसभर अनोळखी माणसांच्या नाकात काड्या घालायच्या आणि वर प्रत्येकीला माताजी म्हणायचं, हे मला तरी जमलं नसतं.

जबलपूरच्या विमानतळावर हे घ्यायला आले नाहीत. नियम. टॅक्सीने फाटकाशी सोडलं, आणि तेवीस महिन्यांनी नवऱ्याचं पहिलं दर्शन झालं ते असं: दोन मास्क, त्यांवर प्लॅस्टिकची काच, चष्म्यावर वाफ आणि हातात बागेचा पाइप. प्रवासातून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, ही आपली रीत. आणि आठ फुटांच्या आत यायचं नाही, ही सरकारची. (सरकारचे सहाच होते. दोन ह्यांनी स्वतःचे घातले.) ह्यांनी दोन्ही पाळल्या. पायावर पाणी पाइपने, जानेवारीच्या संध्याकाळी, पोटऱ्यांपर्यंत. भाकरीचा तुकडा बांधला होता जळमटं काढायच्या बांबूला, आणि तो बांबू माझ्या डोक्याभोवती तीनदा फिरला, त्यात एकदा कानाला लागला. समोरच्या गच्चीवरून कोणी तरी ओरडलं, "क्या भैया, कोरोना उतार रहे हो क्या?" हे म्हणाले, "नियम है।" मी थंडीने कुडकुडत होते आणि हसत होते आणि रडतही होते. फाटकात उरलेली भाकरी ताटलीत ठेवलेली दिसली, अशी गोल, अशी पातळ! ही ह्यांनी थापली? ज्या माणसाने मी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात फोन करून विचारलं होतं, "पाणी उकळलं हे कसं ओळखायचं?"

खोलीच्या दारापासून आठ फुटांवर खडूची रेघ आहे. रेघेवर स्टूल. हे ताट स्टुलावर ठेवतात, देवघरातली घंटा वाजवतात, मागे सरतात, मग मी जाऊन ताट घेते. (नैवेद्य मिळणाऱ्या देवाला काय वाटत असेल ते मला आता कळतं. आधी घंटा, मग जेवण, आणि बोलायला कोणी जवळ नाही.) दिवसातून तीनदा ताप आणि ऑक्सिजन मोजून मी आतून ओरडून सांगायचं, हे बाहेर आलेखाच्या कागदावर टिंब काढतात आणि खाली सही करतात. दुपारी चारला मात्र रेघेपलीकडे खुर्ची टाकून बसतात, चहा पितात, आणि आम्ही दारातून बोलतो. कोण गेलं, कोण राहिलं, दुसऱ्या लाटेत गल्लीत काय झालं. तेव्हा फोनवर "सब ठीक" म्हणणारा माणूस आता सांगतो की एप्रिलात बारा दिवस त्यांनी फाटकाची कडीसुद्धा काढली नव्हती.

आणि मनीषा! ही आमच्या वॉर्डाची आरोग्य कर्मचारी, घमापूरची, स्कूटरवर येते. फोनवर चौकशी करून तिचं भागत नाही. खिडकीखाली उभी राहून हाक मारते, "काकू, खिडकीत या. चेहरा दाखवा. बुखार तं नाही ना? वास येऊन राहिला ना?" मी विचारलं, बाई गं, फोनवर सांगते ना मी. तर म्हणाली, "फोनचं नका सांगू काकू. एका घरी पाच दिवस फोन केला, पाचही दिवस पोराची आई म्हणे, नहा रहा है. मी म्हटलं, एवढं कोण न्हाते? गेली तं भैया पानठेल्यावर!" अशी अठ्ठावीस घरं आहेत तिच्याकडे. संक्रांतीलाही आली. मी खिडकीतून हात जोडले, तिळगूळ द्यायची सोय नव्हती, तर म्हणाली, "गोड तोंडाने बोलता तेच पुष्कळ आहे, लोक तं शिव्या देऊन राहिले." ताई, अशा बाईपुढे मला माझ्या सात दिवसांची कुरकूर करायची लाज वाटली.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे स्वयंपाक. पहिल्या दिवशी आमटी आली. चिंच-गुळाची, वर कढीपत्ता. मला वाटलं, चुकून जमली. दुसऱ्या दिवशी मेथीची भाजी, कडू नाही, करपलेली नाही. संक्रांतीला तिळाचे लाडू, सगळे एका मापाचे. (ह्यांनी मापून घेतले असणार. घरात व्हर्निअर अजून आहे.) रोज अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातून फोडणीचा चुर्रर्र आवाज येतो, मोहरी तडतडते, आणि मी पलंगावर बसल्या बसल्या थक्क होते. अमिता, म्हणजे आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे राहणारी मास्तरीण, तिने म्हणे भिंतीवरून शिकवलं. "आमटी कशी झाली?" असं बाहेरून विचारलं जातं, मी मनापासून म्हणते, "माझ्यापेक्षा चांगली," आणि तिकडे खुर्ची सरकते. मग म्हणतात, "बघ. माझं काही अडून नाही राहिलं. तू जा मार्चात खुशाल. गौरांगला आजी पाहिजे."

तेव्हा ताई, प्रश्न सुटला. बावीस मार्चला मी निश्चिंत मनाने जाऊ शकते. बेचाळीस वर्षं ज्या माणसाला मी पाण्याचा पेला हातात दिला त्याचं माझ्यावाचून काही अडत नाही, आणि ते त्याने सहा दिवसांत, पुराव्यानिशी, आलेखाच्या कागदासकट सिद्ध केलं. कौतुक करावं तेवढं थोडं. खरं सांगू का? मला मुळीच बरं वाटलं नाही. काल ती आमटी मी बोटं चाटून खाल्ली आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पण हे तू भाऊजींनाही सांगू नकोस.

सर्वांना यथायोग्य. गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा. काडी, रेघ आणि घंटा यांतून सुटले की फोन करीनच.

तुझी धाकटी,
शैलजा

ता. क. (१८ जानेवारी) : वर जे लिहिलं त्यातलं स्वयंपाकाचं सगळं खोड. आज मनीषा खिडकीखाली उभी राहिली ती हसतच. "काकू, मोहन काकांना आज मी डाटलं. एवढे नियम सांगतात मले, आणि स्वतः रोज मागच्या भिंतीवरून अमिता दीदीच्या हातातून डब्बा घेऊन राहिले! मी म्हटलं काका, तुमच्या घरात क्वारंटाइन चालू आहे, हातातून हातात नाही. डब्बा भिंतीवर ठेवायचा, त्या दूर झाल्यावर तुम्ही उचलायचा." मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे, "तुम्ही आल्या त्या दिवशीची भाकरी पण दीदीचीच होती." मग ती फोडणी? ताई, तेही मनीषानेच सांगितलं, फोडणी ह्यांची. रिकाम्या कढईत तेल आणि मोहरी, नुसती मला ऐकू यावी म्हणून. छत्तीस वर्षांत ज्यांनी एक खोटा नग पास केला नाही, ते रोज अकराला माझ्यासाठी खोटी फोडणी देतात. मनीषाला म्हणाले होते, "तिला सांगू नको. माझ्यासाठी अडून बसेल, आणि तिकडे पोरीचे हाल होतील." नियम मोडला तो हाच एक. आणि एकटे असताना काय खात होते, तर सकाळी पोहे आणि रात्री दूध-पोळी, पोळी बाजारची. अमिताचा डबा फक्त मी येणार म्हणून लावला. अकराला फोडणी झाली, मी आतून म्हटलं, "अहाहा, काय वास सुटलाय!"

ता. क. दुसरा (२० जानेवारी) : चाचणी झाली, निकाल आला, निगेटिव्ह. मनीषाने फाटकावर चिकटवलेला क्वारंटाइनचा कागद काढला आणि ह्यांनी ओल्या फडक्याने रेघ पुसली. दोनदा. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. मोहरीची बरणी रिकामी, कढईचा तळ काळा. मी विचारलं, "आज काय करताय?" कढईकडे बघत म्हणाले, "आज तूच कर. माझा हात दुखून राहिला." मी केली आमटी. जेवायला समोरासमोर बसलो, मध्ये स्टूल नाही, घंटा नाही. पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." ताई, तेवीस महिन्यांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले आणि मीठ आणायला उठले, तर हेच उठले. मीठ कुठे असतं ते त्यांना माहीत होतं, एवढं मात्र खरं.

ता. क. शेवटचा, आणि पत्र पाठवण्याचं कारण : प्रणोतीला "येत नाही" म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि ह्यांना कळलं तर ते पुन्हा कढई तापवायला घेतील. तू तिची थोरली मावशी, तुझं ती ऐकते. आजच फोन कर. म्हणावं, बावीस मार्चचं तिकीट रद्द कर, उन्हाळ्यात गौरांगला घेऊन तूच इकडे ये, सात दिवस खोलीत राहायची माझ्या हिशेबाने मजा असते. पुढच्या वर्षी मी येईन, तोवर ह्यांना शिकवून तयार करते. फोडणी जमतेच आहे. तिच्यात डाळ घालायची तेवढी बाकी आहे.