पाळण्याची लाल पट्टी

मी मनकर्णा फकिरा दांडगे, वय पंचवीस, शिक्षण सातवी, मूळ गाव फर्दापूर, आता राहणार मुकुंदवाडी, वच्छलाबाईच्या खोलीत भाड्यानं, हा कागद माह्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर हाय. कुणी मानगुटीवर बसून लिहून घेत नाय. भ्यालेली हाय, अन् रागात हाय. भ्यालेल्या बाईचा कागद चालत नाय असं कोणी म्हणलं तर त्याला परवा माह्यासंगं कड्यावरून उतरवा, मग विचारा.

कोर्टाजवळच्या वकीलबाई म्हणल्या, साधा कागद चालतो, साक्षीदार दोन पाहिजेत, अन् ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नको. म्हणून बहिणीची सही घेतली नाय.

कामून लिहिते ते आधी सांगते. परवा रविवारी हौसेनं आलेल्या अकरा बाया घेऊन मला दोरावरून घळीत उतरायचंय. धबधब्याचे सहा टप्पे हायत, एकाखाली एक. मी त्यांची गाईड. माहा नवरा फकिरा हेच काम करायचा अन् ह्याच कामात गेला, दोन वर्षं होतील. मला काही झालं तर माही लेक उमा, वय साडेतीन, हिचं काय, त्यासाठी हा कागद.

पहिलं कलम, उमा. माह्यामागं उमा माह्या थोरल्या बहिणीजवळ, आवडाबाईजवळ, फर्दापूरला राहील. बाप नसल्यावर आईनं लिहून दिलेलं चालतं, हे मी दोनदा विचारून घेतलंय. सासूबाई साळूबाई यांनी तिला भेटावं, खाऊ द्यावा, पण न्यायचं नाय. ज्या घरात माह्या लेकीला "पांढऱ्या पायाच्या आईची पोर" म्हणतात, त्या घरात ती एक रात राहणार नाय. आवडाताई, तिला शाळा सोडू देऊ नको. अन् तिच्या केसाला रोज तेल लाव, तू आळस करतीस.

दुसरं, माह्या वस्तू. शिलाई मशीन आवडाताईला. तिचा पट्टा सुटतो, जास्त ताणायचा नाय. पत्र्याची पेटी अन् पितळी हंडा उमाला. हेल्मेट अन् कमरेचा पट्टा रामकिसनदादाला द्यायचा होता, ते सगळ्यात जुने गाईड हायत, अन् त्यांचा पट्टा माह्यापेक्षा खराब झालाय तरी सांगत नाहीत. पण ते साक्षीदार हायत, म्हणून तेबी आवडाताईला, पुढं कोणाला द्यायचं ते ती ठरवील. बँकेत जे असंल ते उमाचं. घर नाय, शेत नाय, त्यामुळं भांडायला कोणी येऊ नये.

तिसरं, लाल पट्टी. हे कलम कोणालाच माहीत नाय. पेटीत तळाला फडक्यात दोन तुकडे हायत.

ही पट्टी म्हणजे स्लिंग, झाडाला नायतर खडकाला गुंडाळायची. तिच्यात रिंग घालायची, रिंगीत दोर, अन् दोरावर माणूस उतरतो. सगळे खाली गेले की खालून दोर ओढून घेतात. पट्टी वरच राहते, तिला आणायला वर कोण जाणार? म्हणून जेवढे टप्पे तेवढ्या पट्ट्या निघतानाच संगं पाहिजेत. बाया उतरेस्तोवर एक जाड कॉर्डचा, म्हणजे दोरीचा, फास आधाराला बांधलेला असतो. पट्टी तुटली तर तो धरतो. शेवटचा माणूस तो फास सोडतो, संगं घेतो, अन् नुसत्या पट्टीवर उतरतो. शेवटचा माणूस म्हणजे गाईड.

जुनी झालेली एक लाल पट्टी फकिरानं घरी आणली होती. उमाच्या झोळीला लई छान बसली. पोर झोळीत मुतायची, वास यायचा. मी ती पट्टी संडास धुवायच्या पांढऱ्या पाण्यात भिजवायची अन् पत्र्यावर उन्हात टाकायची. आठवड्याला एकदा, दीड वर्ष. लालाची गुलाबी झाली. मला वाटायचं, काय स्वच्छ निघाली.

त्या दिवशी टप्पे चार अन् लक्ष्मण सरांनी पट्ट्या दिल्या तीन. लक्ष्मण सर म्हणजे आमच्या ट्रेकिंग ग्रुपचे मालक, क्रांती चौकात ऑफिस हाय त्यांचं. म्हणले, झाडाला मागच्या वर्षीची आहे ना, तीच वापर. उन्हापावसात वर्षभर लटकलेल्या पट्टीवर फकिराचा भरवसा नव्हता. त्यानं घरात येऊन झोळीकडं बघितलं.

"मने, ही घेऊ का? संध्याकाळी दुसरी बांधतो उमीला."

"घ्या की. कालच धुतलीय."

"रंग लई गेला गं हिचा."

"रंग गेला म्हणून कापड जातं का? तुम्हीबी ना!"

हसला अन् घेऊन गेला. नऊ माणसं उतरली त्या पट्टीवर, एक तर शंभर किलोचा. मग फकिरानं आधाराचा फास सोडला, कारण पुढच्या टप्प्याला तोच एक होता. अन् उतरला. तुटली.

पांढऱ्या पाण्यानं पट्टी आतून मरते हे मला नंतर रामकिसनदादानं सांगितलं, तेबी दुसऱ्याच पट्टीबद्दल बोलताना.

सासूबाई, तुम्ही म्हणता मी तुमचा लेक खाल्ला. पायगुणानं नाय खाल्ला. धुण्यानं गेला. आता तुम्हाला खरं कारण माहीत झालं. शिव्या द्यायच्या तर ह्या कारणानं द्या, माह्या पायाला नका देऊ. पण हे वाचून उमाला ओढून न्यायचं नाय, पहिलं कलम परत वाचा.

फकिरा, तुझ्यावरबी राग हाय. मला कापडातलं काय कळत होतं? तुला कळत होतं. तू हसून कामून घेऊन गेलास? "नाय जात" म्हणायला काय झालं होतं?

दोन्ही तुकडे उमाला, अठरा वर्षांची झाल्यावर. आवडाताईनं हे कलम तिला वाचून दाखवावं. तोपर्यंत पेटी उघडायची नाय.

चौथं, लक्ष्मण सर. तुम्ही कागदावर माही सही घेतली की फकिरा घरची पट्टी घेऊन गेला, ग्रुपची जिम्मेदारी नाय. दहाव्याच्या आधी घेतली. मी वाचलंबी नाय. घरची पट्टी का न्यावी लागली, हे त्या कागदात नाय. ते ह्या कागदात हाय. वर लिहिलंय. टप्पे चार, पट्ट्या तीन.

आज बॅग घ्यायला ऑफिसात गेले. टेबलावर पट्ट्या चार.

"सर, टप्पे सहा. उरलेल्या दोन ठिकाणी काय माही वेणी बांधू?"

"अगं, वर जुन्या आहेत. आपल्याच आहेत. दरवेळी नवी पट्टी डोंगराला दान करायची का?"

"त्या वाळल्यात. हातात धरली की पापडासारखी वाजते."

"तू मला शिकवणार का, मनकर्णा? फकिरासुद्धा अशीच किरकिर करायचा."

"करायचा. पण शेवटी तुमचं ऐकायचा. म्हणून त्याच्या जागी मी उभी हाय."

ते फोनवर बोलायला बाहेर गेले. कपाटात नव्या पट्ट्यांचा गठ्ठा प्लास्टिकमधे बांधून ठेवलाय, पुण्याच्या मोठ्या पार्टीसाठी. तो मी घेतला. संगं नवी जाड कॉर्ड घेतली, सगळी गुंडाळी. ही चोरी नाय, मी इथं नावानिशी लिहून देते. घेतलेल्या वस्तू अशा: रुंद पट्ट्या आठ, सहा टप्प्यांना सहा अन् दोन जास्तीच्या. पांढरी चकचकीत बारीक पट्टी हलकी असते, पण तिच्यात गाठ सरकते, ती मी कपाटातच ठेवली. कॉर्डचे तुकडे केले सहा, प्रत्येकाचा फास बांधला, गाठीबाहेर चार बोटं शेपूट ठेवलं. रिंगा सहा. प्रत्येक पट्टी उजेडात धरून, वाकवून, पूर्ण लांबी बोटातून काढून बघितली. चार टेबलावरच्या, त्यातल्या तीन कडक होत्या. त्या मी तिथंच कात्रीनं कापून टेबलावर ठेवल्या, म्हणजे कोणी झोळीला नेणार नाय.

सर, तुम्ही मोजता, बॅग परत आली की पट्ट्या किती. ह्या वेळी मोजायला खाली घळीत यावं. पहिली उंबराला, दुसरी काळ्या खडकाला, अशा सहाच्या सहा तिथंच राहतील. हे माह्याकडून तुम्हाला मृत्युपत्रानं दिलेलं समजा.

मला कामावरून काढायचं तर सोमवारी काढा. रविवारी अकरा बाया माह्या हातात हायत, त्यांची पोरं घरी हायत.

पाचवं अन् शेवटचं. हात गार पडतात माहे, कड्याच्या टोकाला. दरवेळी पडतात. मला मरायचं नाय. हा कागद लिहिला म्हणजे जायची तयारी हाय असं कोणी समजू नये. उमाला मी सांगितलंय, रविवारी संध्याकाळी भाकर करायला मी घरी हाय.

अकरा बाया उतरल्यावर वर मी एकटी राहीन, अन् आधाराचा फास सोडायची वेळ येईल. सहाही टप्प्यांना मी तो सोडणार नाय. पट्टीबी राहील, फासबी राहील. मी दोन्हीवर उतरणार.

हे सगळं मी वाचून बघितलं, माहंच हाय.

सही: मनकर्णा फकिरा दांडगे

साक्षीदार १: रामकिसन सोनवणे, गाईड. बॅग माझ्यासमोर भरली. मीही मोजली. आठ, सहा, सहा.
साक्षीदार २: वच्छलाबाई काकडे, घरमालकीण. माझ्यासमोर सही केली. पोर माझ्या मांडीवर झोपली होती.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
तारीख: २० सप्टेंबर २०२४, शुक्रवार