कोंढ्याच्या तलावातला गार रोहू

शनिवार, २३ मे
कोंढा, सासुरवाडी. अधिकमास. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू, त्यामुळे तेहतीस अनारसे आणि पाद्यपूजा उरकली. आता खरं काम. फ्लाय रॉड सोबत आणलाय. दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी. ती पाण्यावर नाचवायची, मासा फसतो. इथे ट्राउट नाही, रोहू चालेल. नागपूरच्या फ्लाय फिशिंग ग्रुपवर रोज तलावाचा रिपोर्ट टाकणार.

रविवार, २४ मे, सकाळी ६
पाणी मांडीभर. वारा नाही. मासा नाही. माशी बाभळीत दोनदा, म्हशीच्या शेपटीत एकदा. सासरे मधुकरराव, वय बहात्तर, तलावाच्या पाळीवर बसून विचारत होते, जवाईबापू, भेटला का जी मासा? म्हटलं, मासे सध्या माझा अभ्यास करताहेत. बिचारे काळजीत पडले.

सोमवार, २५ मे
मिळाला! दोरी कमळाच्या देठांत अडकली होती. सासऱ्यांनी गावातल्या जाळेवाल्या डोमाला सोडवायला पाठवलं. तो पाण्यात वाकला आणि पाठोपाठ हिसका. दोन किलोचा रोहू! डोमाला समजावलं की जाळ्याचा जमाना गेला. तो हो जी म्हणाला. समजूतदार माणूस.

बुधवार, २७ मे
दुसरा! पुन्हा दोरी अडकली, पुन्हा डोमा गेला. योगायोग. मासा हाताला बर्फासारखा गार. रिपोर्टमध्ये लिहिलं, तळाचं पाणी थंड असल्यानं उन्हाळ्यातही मासा ताजा. बायको करुणा वाचून तोंडाला पदर लावून आत पळाली. ग्रुपचा अॅडमिन भुपेंद्र रविवारी चौघांना घेऊन येतोय. प्रात्यक्षिक देणार.

शनिवार, ३० मे
डोमा लाखांदूरला मेव्हण्याच्या तेरवीला गेला. त्याच्यावाचून काय अडलंय? करुणा म्हणाली, पाहुण्यांना नाही म्हणून कळवा, बाबा तुमच्यासाठी... पुढचं ऐकलं नाही. बायकांना खेळातलं कळत नाही. पण झोप नीट लागली नाही, हेही खरं.

रविवार, ३१ मे
लिहू नये असं वाटतंय.

दोन तास काहीच नाही. पाहुणे घड्याळं बघू लागले. तेवढ्यात सासरे धोतर खोचून, पिशवी काखेत धरून पाण्यात उतरले. म्हणाले, दोरी अडकली जी, मी सोडवतो. दोरी अडकलेलीच नव्हती. चिखलात पाय घसरला, म्हातारा डोक्यापर्यंत बुडाला. वर आले तेव्हा टोपी नव्हती. छातीशी मासा, फ्रीजमधला, अंगावर बर्फ तसाच. माशी त्याच्या तोंडात अडकवली आणि म्हणाले, ओढा जी आता.

चौघांच्या मोबाइलवर शूटिंग सुरू होतं.

मी ओढलं. खरंच ओढलं.

भुपेंद्रनं गाडी काढली. न जेवताच सगळे गेले. दोन्ही मासे कुठून आले होते, ते मला आज कळलं असं लिहिणार होतो. पण गार मासा हातात घेतला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

दुपारी करुणा बाबांचं डोकं पुसत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं, हात जोडले. म्हणाले, जमलं नाही जी मले. पाहुण्यायसमोर तुमची इज्जत गेली माह्याच्यानं. माफी करा.

मी त्यांचे पाय धरायला हवे होते.

मी म्हणालो, असू द्या बाबा, होतं असं कधी कधी.